अंतरपाटाचं टोक

संध्याकाळी आमच्या ओसरीवर इंग्रजीचा वर्ग भरतो. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला गजांची खिडकी आहे, त्यामुळे शाळेत जे इंग्रजी मला कधी जमलं नाही ते आमटी ढवळता ढवळता फुकटात पदरात पडलं. शिकवणारे म्हणजे माझे यजमान, व्यंकटरमण. दिवसभर कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात एका दुकानात समया आणि तांब्याची भांडी विकायची, आणि मेलकावेरीतल्या घरी आलं की पायसुद्धा नीट न धुता शिकवायला बसायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. शिकायला येणारी मंडळीही तशीच, साडीच्या दुकानातल्या पोरी, कॉफीच्या हॉटेलात गल्ल्यावर बसणारे, इस्पितळातल्या नर्स. परक्या गिऱ्हाइकाशी चार वाक्यं न अडखळता बोलता आली म्हणजे झालं, एवढीच त्यांची अपेक्षा.

ह्यांचा सगळ्यात लाडका शब्द बिट्वीन. तो शिकवायचा झाला की हे दोघांना उभं करायचे, स्वतः त्यांच्या मधे जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, आय अ‍ॅम बिट्वीन. हे माडासारखे उंच, त्यामुळे हा धडा रस्त्यावरच्या लोकांनाही दिसायचा. मग पुढचं. गोविंदपुरम् हे कुंभकोणम् आणि तिरुनीलक्कुडीच्या बिट्वीन. साहेब पाच आणि सहाच्या बिट्वीन भेटतील. ही समई पाचशे आणि सहाशेच्या बिट्वीन पडेल. आणि सरतेशेवटी तोंडावर हात धरून, आवाज अगदी खाली आणून, बिट्वीन यू अँड मी. इथे पोरी हमखास हसायच्या. जागा, वेळ, किंमत, गुपित, सगळं ह्या एका शब्दात राहतं, असं हे कौतुकानं सांगायचे. मी खिडकीतून विचारायची, "आणि तुम्ही?"

कारण हा माणूस जन्मभर त्याच शब्दात राहत आला. तीन भावांतले मधले. थोरला चिडला तरी हाक ह्यांना, धाकटा रुसला तरी ह्यांनाच. दुकानात मालक आणि गिऱ्हाईक यांच्या मधे हेच. महाराष्ट्रातले लोक गोविंदपुरमच्या विठ्ठलाला येतात आणि जाताना कुंभकोणमची भांडी बघायला शिरतात, तेव्हा मालक ह्यांना पुढे करतात. आमची जुनी मराठी ऐकून त्या लोकांना हसू आवरत नाही. एकदा एका बाईनं विचारलं, तुम्ही नाटकात काम करता का? हे घरी येऊन मला म्हणाले, "असके मला हसतात, पणि समई घेऊनच जातात." असके म्हणजे आमच्या बोलीत सगळे.

नात्यात कुणाचं बिनसलं की ह्यांना बोलावणं ठरलेलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्या तिसऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्हीकडची बोलणीच यायची. चूक ह्यांच्या स्वभावाची. स्वतःचं मत म्हणून काही सांगायचंच नाही. वांगं करू की भेंडी, एवढं विचारलं तरी उत्तर, "तुला बरं वाटेल तें." उभा जन्म ह्या उत्तराशी संसार केलेल्या बाईनं भाजी चिरावी की डोकं फोडून घ्यावं, तुम्हीच सांगा.

पण एका जागी मधे उभं राहावं तर ह्यांनीच. ती जागा अंतरपाटाची. आमचे पूर्वज मराठी राज्याबरोबर ह्या मुलखात आले, त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो, लग्नात सनईऐवजी नादस्वरम् वाजवतो, पण नवरानवरीच्या मधे अंतरपाट धरल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. आमच्या घरचा अंतरपाट माझ्या सासऱ्यांनी तिरुभुवनमच्या विणकराकडून विणून घेतलेला, पांढऱ्या रेशमाचा, डाळिंबी काठाचा. प्रत्येक लग्नाला त्यावर कुंकवाचं नवं स्वस्तिक काढायचं. जुन्याचा डाग कधी पुरता जात नाही, त्यामुळे मधोमध कितीतरी लग्नांची कुंकवं एकमेकांत मिसळलेली आहेत. गावातल्या मराठी घरांत लग्न निघालं की आधी हॉल ठरतो, मग आचारी, आणि मग अंतरपाटासकट आमचे हे. एक टोक ह्यांचं आणि दुसरं माझ्या मावसभावाचं, जानकीराम अण्णांचं. अण्णा विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात आणि मुहूर्ताच्या बाबतीत ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत. उंचीला ह्यांच्याएवढेच. दोघांनी धरलेला अंतरपाट कसा एका पातळीत असायचा.

नियम मात्र एक पक्का होता. वधूवरांच्या आईबापांनी अंतरपाट धरायचा नाही. ज्याची लेक जायची त्यानं मधे उभं राहू नये, असं सासरे सांगायचे.

आमची चैत्रा लहान असताना कुणाच्याशा लग्नात अंतरपाटाखालून वाकून नवरीकडून नवऱ्याकडे आणि परत नवरीकडे अशी पळत बसली होती. ह्यांचे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे हे नुसतेच डोळे वटारत राहिले. घरी येताना ती ह्यांच्या खांद्यावरून म्हणाली, माझ्या लग्नात पण तुम्हीच धरा, अप्पा. ह्यांनी खरं काय ते सांगितलं. तेव्हा ती रडत रडत झोपली आणि हे कितीतरी वेळ तिच्याजवळ बसून राहिले.

तीच चैत्रा मोठी होऊन फिजिओथेरपिस्ट झाली, आणि तिचं लग्नही ह्या ओसरीवरच जमलं. विघ्नेश तिरुनीलक्कुडीचा. शेतीचं शिकून जुन्या जातीच्या भाताची बियाणी विकतो, बाहेरच्या लोकांशी बोलता यावं म्हणून वर्गाला आला. मुलगा हुशार, सगळे धडे भराभर उरकले, पण बिट्वीनवर येऊन अडला तो अडलाच. रोज तोच शब्द पुन्हा समजावून मागायचा. खिडकी माझ्याकडे असल्यामुळे मला बेताबेतानं उलगडा झाला. चैत्रा कामावरून घरी यायची वेळ झाली की ह्याचा धडा अडायचा, आणि ती पायरी चढून आत गेली की सुटायचा. ह्यांना मात्र बरेच दिवस वाटत राहिलं की आपलंच शिकवणं कुठेतरी कमी पडतंय.

मुलगा मनापासून चांगला, आम्ही आडकाठी केली नाही. त्याच्या घरी माणूस म्हणजे एकच, त्याची आजी भुवनेश्वरी. तमिळमधे आजीला पाट्टी म्हणतात, आम्हीही तिला पाट्टीच म्हणू लागलो. ही त्याच्या आईची आई. आई तो लहान असतानाच गेली, वडिलांनी कोइमतूरला दुसरा संसार मांडला, आणि पाट्टीनं एकटीनं शेतही राखलं आणि नातूही वाढवला. बाई ठेंगणी, काटक, बोलायला मोजकी.

पहिला पेच मुहूर्ताचा पडला. आमच्यात मुहूर्त म्हणजे नेमकं एक मिनिट. त्यांच्याकडे मुहूर्त म्हणजे नऊ ते साडेदहा, त्यात केव्हाही ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधा. अण्णांनी पंचांग पाहून नऊ सत्तेचाळीस काढून दिलं होतं आणि ते पत्रिकेत छापलंच पाहिजे म्हणून अडून बसले होते. पाट्टीनं निरोप पाठवला, मिनिट छापलंत तर आमचे लोक बस चुकल्यासारखे घाबरे होतील. ह्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि इंग्रजी पत्रिका छापून आणली. तिच्यात लिहिलं होतं, बिट्वीन नऊ अँड साडेदहा. अण्णांना सांगितलं, तुमचं मिनिट ह्याच्या पोटातच आहे. अण्णा गप्प झाले, खूश झाले नाहीत. मी म्हटलं, चला, एवढ्यावर निभावलं.

माशी शिंकली ती पुढे. बोलणी पक्की झाल्यावर पाट्टी आमच्याकडे जेवायला आली. मी साखरभात केला होता. कॉफी पुढे ठेवली आणि हौसेनं पेटी उघडून अंतरपाट दाखवला. पाट्टीनं रेशमावरून हात फिरवला, काठ बोटानं चाचपून वीण चांगली असल्याचं सांगितलं, आणि मग विचारलं, हा कशासाठी? मी सांगितलं, नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या बाजूला आणि मधे हा, मुहूर्त येईपर्यंत. तव्याला लागावा तसा तिचा हात मागे गेला. तिनं विचारलं, तोवर त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही? मी हसून म्हटलं, तीच तर मजा. पाट्टी उठून उभी राहिली. ह्यांना म्हणाली, बाकी सगळं तुमच्या रीतीनं होऊ दे, पण ह्या दोघांच्या मधे पडदा घालायचा नाही. घातलात तर मी मांडवात येणार नाही. कॉफी तशीच निवून गेली.

मला असा राग आला की विचारू नका. नातू लग्न आमच्या लेकीशी करणार, आणि आमच्या घराण्याची एकुलती एक खूण हिला चालत नाही. चैत्रानं तिचं म्हणणं साफ सांगितलं. पाट्टी नसेल तर विघ्नेश मांडवात रडवेला होऊन उभा राहील, ते मला नको. पण अंतरपाट नसेल तर माझं लग्न झाल्यासारखं मला वाटणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर आमचे हे.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच तिरुनीलक्कुडीला गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय. म्हणून बरोबर एक लहानशी समई नेली, जणू ती द्यायलाच गेले होते. संध्याकाळी परतले ते वर्ग न घेता स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि पाट्टीनं जे सांगितलं ते मला सांगितलं.

विघ्नेशची आई इस्पितळात होती. पाट्टी तिचा हात धरून खाटेजवळ बसली होती. एकाएकी माणसं धावत आली, पाट्टीला बाजूला केलं, आणि खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला. लेक पडद्याच्या आत, आई बाहेर. आतून आवाज येत होते, दिसत काहीच नव्हतं. पडदा उघडला तेव्हा लेक गेलेली होती. तेव्हापासून पाट्टीच्या घरात दाराखिडकीलासुद्धा पडदा नाही. हे ह्यांनी स्वतः पाहिलं होतं.

माझा राग होता तो कुठे ठेवावा मला कळेना. पण तेवढ्यात हे म्हणाले, "सोडूं आपण. कापडच अहे तें." आणि मग मात्र माझा तोल गेला.

"असक्यांच्या लेकींना धरलांत," मी म्हटलं, "आणि आपल्या लेकीच्या वेळेला सोडतां? जन्मांत एकदा तरी कुठल्या तरी एका बाजूला उभे राहा."

ह्यांनी पान पुढे ओढलं. दहीभात कालवला, अर्धा तसाच ठेवला. बोलायला नको होतं असं मला वाटलं, आणि मी बोलले ते खोटं नव्हतं असंही वाटलं. पुढचे काही दिवस वर्गात सगळे शब्द झाले, बिट्वीन झाला नाही. पोरींनी विचारलं तर म्हणाले, तो नंतर.

मग एका सकाळी बघते तर ह्यांनी पेटी उघडून अंतरपाट पिशवीत घातलेला. मला म्हणाले, "चल. तूंही चल, बेगी." कुठे, ते विचारायची गरज नव्हती. बस गोविंदपुरमवरून गेली तेव्हा ह्यांनी खिडकीतून विठ्ठलाला हात जोडले. एरवी हे देवाला काही मागत नाहीत. त्या दिवशी ओठ हलताना मी पाहिले.

पाट्टी अंगणात भात वाळत घालत होती. विघ्नेशही घरीच होता. ह्यांनी प्रस्तावना केली नाही, रदबदली केली नाही. पिशवीतून कापड काढलं, झटकलं आणि तमिळमधे पाट्टीला म्हणाले, ह्याची घडी बिघडली आहे, जरा एक टोक धरा. लांब कापडाची घडी एकट्यानं होत नाही, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पाट्टीनं हात पदराला पुसले आणि टोक धरलं. कापड ताणलं गेलं तसं ह्यांनी मला एका बाजूला उभं केलं आणि विघ्नेशला दुसऱ्या. तेव्हा पाट्टीच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला, पण टोक तिनं सोडलं नाही.

"पाट्टी," हे माझं नाव घेऊन म्हणाले, "सुंदरी काय करते आहे?"

पाट्टीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, कंबरेवर हात ठेवून उभी आहे.

"आणि विघ्नेश?"

तो हसू दाबतो आहे, पाट्टी म्हणाली. मला विघ्नेश दिसत नव्हता. विघ्नेशला मी दिसत नव्हते. पाट्टीला आम्ही दोघं दिसत होतो.

"त्या दिवशी तुम्हाला एका बाजूला उभं केलं होतं," हे म्हणाले, "आणि पडदा दुसऱ्यांच्या हातात होता. टोकाला उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचं दिसतं. आणि हा पडदा ज्यानं धरला तोच काढतो. हे माझं टोक आहे, पाट्टी. मी मुलीचा बाप, ह्या लग्नात मला ते धरता येत नाही. तुम्ही धरा."

पाट्टीनं काठावरून अंगठा फिरवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, मी विधवा बाई, लग्नात खांबामागे बसते, तुमचे लोक काय म्हणतील? खरं सांगायचं तर तिनं हे बोलायच्या आधीच माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. पण हे म्हणाले, "टोक माझं आहे. ते कुणाला द्यायचं ते मी ठरवणार."

बोललं कोण ते बघायला मी वळणारच होते. इतक्या वर्षांत 'मी ठरवणार' हे शब्द ह्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. पाट्टीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घडी घालायची म्हणून ती ह्यांच्याकडे चालत आली, टोकाला टोक जुळवलं, कापड ह्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, काढायचा केव्हा? परतीच्या बसमधे मी सहज विचारलं, संध्याकाळी वांगं करूं की भेंडी? हे म्हणाले, "वांगं." मी पुढे काही बोलले नाही, न जाणो, उत्तर बदलायचे.

जानकीराम अण्णांना समजलं तेव्हा त्यांनी फोनवर मला चांगलंच फैलावर घेतलं. परकी बाई, त्यातून अशी, मांडवाच्या मधोमध. मी सांगितलं, अण्णा, नियमात आईबापांचं नाव आहे, आजीचं नाही. अण्णांनी फोन ठेवला. लग्नाला मात्र ते सगळ्यांच्या आधी हजर झाले, तोंड कारल्यासारखं करून.

हॉल गच्च भरला होता. तिरुनीलक्कुडीहून दोन बसेस आल्या होत्या, आणि मागच्या रांगेत ह्यांचा सगळा वर्ग नवे कपडे घालून बसला होता. पाट्टी पांढऱ्या रेशमी साडीत वर आली तेव्हा खालच्या बायकांत कुजबुज झाली. तिनं मान वर केली नाही. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट गुरुजींनी दोघांच्या हातात दिला. अण्णांनी सवयीनं आपलं टोक डोक्याच्या वर नेलं. पाट्टीनं टाचा उंचावून हात जितके वर जातील तितके नेले, तरी तिचं टोक अण्णांच्या छातीशी. अंतरपाट छपरासारखा उतरता झाला. खाली कुणीतरी हसलं, मग आणखी चौघं हसली. पाट्टीनं टाचा आणखी उंचावल्या.

अण्णांनी हसणाऱ्यांकडे एकदा बघितलं. मग पाट्टीकडे बघितलं. आणि ब्रह्मदेवापुढेही न वाकणाऱ्या त्या माणसानं गुडघे वाकवले. अर्धवट बसकण मारून, मांड्या लटपटत असताना, आपलं टोक पाट्टीच्या टोकाच्या ओळीत आणून धरलं. अंतरपाट सरळ झाला. झाला, पण आता तो नवरानवरीच्या छातीपर्यंतच पोचत होता आणि दोघं एकमेकांना वरून सरळ बघू शकत होती. आधी चैत्रानं डोळे मिटून घेतले. तिचं बघून विघ्नेशनंही मिटले. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

आम्ही दोघं चैत्राच्या मागे बसलो होतो. हे माझ्याकडे झुकून म्हणाले, "ह्या बाजूनं कांहीच दिसत नाहीं गं." किती लग्नं ह्यांनी टोकाला उभं राहून पाहिली, पण ह्या बाजूला बसायची ही पहिलीच वेळ. ह्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते.

मंगलाष्टक संपलं की खालून अक्षता यायच्या. पाट्टी एकदा चैत्राकडे बघायची, एकदा विघ्नेशकडे. पुन्हा चैत्राकडे, पुन्हा विघ्नेशकडे. विघ्नेशची हनुवटी हलायला लागली. त्या पोराला रडू आवरत नव्हतं, आणि हातांत हार असल्यामुळे डोळे पुसताही येत नव्हते. पाट्टीनं ते पाहिलं आणि तिला धीर निघाला नाही. तिनं एका हिसक्यात अंतरपाट ओढून घेतला.

अण्णांच्या हातातलं टोकही निसटलं. नादस्वरमवाल्यांना वाटलं वेळ झाली, त्यांनी दणक्यात मुहूर्ताचं गट्टीमेळम् सुरू केलं. अक्षतांचा पाऊस पडला. आणि त्या गोंगाटात अण्णा अजून तसेच गुडघे वाकवून, मनगट उलटं करून घड्याळ बघत ओरडत होते, "अजून झालं नाहीं. मुहूर्त झाला नाहीं." हळूहळू वाद्यं थांबली. हॉल शांत झाला. पाट्टीला मराठी येत नव्हती, पण अण्णांचा चेहरा सगळ्या भाषांत तेच सांगत होता. ती पांढरीफटक पडली. कापड छातीशी धरून तिनं विचारलं, मी चुकले का? मला वाटलं, आता ही बाई जन्मात पुन्हा कुठल्या मांडवात पाऊल टाकणार नाही.

तेव्हा हे उभे राहिले. सदऱ्याच्या खिशातून लग्नपत्रिका काढली, चष्मा लावला, आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं, सावकाश वाचलं, "बिट्वीन नऊ अँड साडेदहा." मग अण्णांना विचारलं, "आत्ता किती झाले?"

अण्णा म्हणाले, नऊ बेचाळीस.

"मग?" हे म्हणाले.

मागच्या रांगेतून साडीच्या दुकानातल्या पोरी एका सुरात म्हणाल्या, "बिट्वीन." सगळा हॉल हसला, आणि ह्या वेळचं हसणं वेगळं होतं. अण्णांनी ह्यांच्याकडे बघितलं, पाट्टीकडे बघितलं, गुडघे धरून मोठ्या कष्टानं सरळ झाले आणि मनगटावरचं घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली सारलं. गुरुजींना म्हणाले, "चालूं द्या."

एवढं सगळं झालं तरी चैत्रा आणि विघ्नेश डोळे मिटूनच उभी होती. उघडा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चैत्रा न बघता विचारत होती, "काढला की? अप्पा, काढला की?" हे उत्तर देणार होते, पण थांबले आणि त्यांनी पाट्टीकडे बघितलं. टोक त्यांनी दिलेलं होतं, पुढचं बोलणंही तिचंच होतं.

पाट्टी दोघांच्या मधे आली. दोन्ही हात वर करून तिनं दोघांच्या गालांना लावले आणि तमिळमधे म्हणाली, "उघडा आता."

त्यांनी डोळे उघडले. त्या दोघांनी एकमेकांकडे कसं बघितलं ते मी सांगत नाही, सांगता येणारही नाही. मी पाट्टीकडे बघत होते. ती एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

जेवणं उरकल्यावर हे अंतरपाट मागायला तिच्याकडे गेले. ती खांबामागे नव्हती, पुढच्या ओळीत खुर्चीवर बसली होती, कापड मांडीवर. कुंकू तिच्या पांढऱ्या साडीला लागलं होतं आणि तिनं ते झटकलं नव्हतं. ह्यांनी एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि घडी घालताना ती त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"ह्या खेपेला पडदा मी काढला," ती म्हणाली.

"होय पाट्टी," हे म्हणाले, "तुम्हीच काढलात." आणि घडी घातलेला अंतरपाट त्यांनी पुन्हा तिच्याच हातात ठेवला.